ठाणे-नवी मुंबईतल्या सॉफ्टवेअरवाल्यांनी छंद कसा सुरू करावा

ऐरोली, महापे किंवा घणसोलीच्या ऑफिसात दिवसाचे आठ-नऊ तास स्क्रीनपुढे काढणाऱ्याला "एखादा छंद जोपास" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. कोणता, कुठे, किती वाजता आणि किती पैशांत, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मग बहुतेक जण नवी प्रोग्रॅमिंग भाषा, गेमिंग किंवा एखादा साइड प्रोजेक्ट धरतात. त्यात वाईट काही नाही, पण खुर्ची तीच, कीबोर्ड तोच आणि डोळ्यांपुढचं अंतरही तेच दीड-दोन फुटांचं. शरीराच्या हिशेबात तो ओव्हरटाइमच.

आमचं म्हणणं असं, की सॉफ्टवेअरवाल्याने असा छंद धरावा ज्याचं घड्याळ त्याच्या हातात नाही. कोड चुकला तर मागे घेता येतो, पुन्हा चालवता येतो, रात्री दोनलाही दुरुस्त करता येतो. खाडीची भरती कुणासाठी थांबत नाही, मेथी तीन दिवसांआधी उगवत नाही आणि तबल्यावर हुकलेली सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, परत घेता येत नाही. दिवसभर सगळं आपल्या वेगाने ओढणाऱ्या डोक्याला दुसऱ्याच्या वेगाने चालायला लागणं, हीच खरी विश्रांती. खाली दोन छंद सविस्तर आणि दोन थोडक्यात दिले आहेत. चारही ठाणे-नवी मुंबईत राहून, नोकरी सांभाळून जमण्यासारखे आहेत.

आधी वेळ आणि शरीर पाहा

एका कागदावर आठवड्यातले खरोखर तुमचे असलेले तास लिहा. अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर काम असेल तर रात्री कॉलमध्ये जातात, पण सकाळी सात ते नऊ मोकळे सापडतात. जनरल शिफ्ट आणि ठाणे-वाशी लोकल असेल तर आठवड्याचे पाच दिवस सोडून द्या, शनिवार-रविवारच धरा. "रोज एक तास" असं ठरवलेला छंद पहिल्याच रिलीजच्या आठवड्यात मोडतो. रोज पंधरा मिनिटं आणि आठवड्यातून एकदा दोन तास, एवढं टिकतं.

मग शरीराची तक्रार पाहा. जवळचं पाहताना डोळ्यातलं भिंग फुगवणारा स्नायू आकसलेला असतो, लांब पाहिलं की तो सैल होतो. स्क्रीनकडे टक लावताना पापण्याही कमी लवतात, त्यामुळे डोळे कोरडे होऊन चुरचुरतात. संध्याकाळी डोळे जड होत असतील तर पक्षीनिरीक्षण घ्या. मान-पाठ धरत असेल तर डोंगर चढा. रात्री बोटांना मुंग्या येत असतील तर तबला किंवा मनगटावर भार देणारं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

पहिले दोन महिने हजार रुपयांच्या वर खर्च करू नका. आणि पहिले तीन महिने छंदासाठी ॲप लिहू नका, डॅशबोर्ड बनवू नका, सेन्सर लावू नका. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आपल्या लोकांचं पाऊल सगळ्यात आधी तिथेच घसरतं. झाडाला पाणी घालण्याऐवजी पाणी मोजणारं यंत्र डिबग करण्यात रविवार जातो आणि छंद पुन्हा स्क्रीनवर येऊन बसतो.

पक्षीनिरीक्षण: सुरुवात गॅलरीतून

पहिल्याच दिवशी दुर्बीण विकत घेऊन खाडीवर गेलात तर पदरी निराशा येईल. लांब चिखलात शेकडो करडे ठिपके हलताना दिसतील आणि एकाचंही नाव सांगता येणार नाही. म्हणून पहिला महिना घराच्या खिडकीत किंवा सोसायटीच्या आवारात काढा.

रोज सकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान ठरलेली पंधरा मिनिटं एकाच जागी उभे राहा. वहीत तारीख, वेळ आणि दिसलेले पक्षी लिहा. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहा: आकार (चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा), चोच कशी आहे, शेपूट लांब की आखूड, कुठे बसला होता, काय करत होता. रंग शेवटी लिहा. नवशिके उलटं करतात, आधी रंग पाहतात आणि फसतात, कारण सकाळच्या तिरप्या उन्हात काळा पक्षी तपकिरी दिसतो आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर कुठलाही पक्षी काळा.

महिनाभरात बहुतेक सोसायट्यांमध्ये साळुंकी, बुलबुल, दयाळ, शिंजीर, कोतवाल, भारद्वाज, घार, खंड्या, ढोकरी आणि तांबट एवढे दहा तरी ओळखीचे होतात. तांबट आधी कानाने ओळखायचा. फेब्रुवारी-मार्चपासून भर उन्हात तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा "टुक् टुक् टुक्" एका लयीत ऐकू येतो. आवाज वडा-पिंपळाच्या शेंड्याकडून येतो. तिथे चिमणीहून थोडा मोठा, गुबगुबीत, हिरवा पक्षी शोधा. कपाळावर आणि गळ्याखाली लाल ठसा, डोळ्याभोवती पिवळं. प्रत्येक टोल्याबरोबर त्याचं डोकं वळतं, त्यामुळे आवाज कधी डावीकडून तर कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो. दोन तांबट असावेत असं वाटतं, असतो एकच.

आवाजावरून नाव सुचवणारं मर्लिन हे मोफत ॲप आहे. त्याला मदतनीस म्हणून वापरा. ॲपने दाखवलेलं नाव पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत वहीत चढवू नका.

दुर्बीण

दोन महिने झाले की दुर्बिणीचा विचार करा. ८×४२ ही सुरुवातीला सगळ्यात सोयीची. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. इथे ती सव्वापाच मिलिमीटर, म्हणजे ढगाळ सकाळीही चित्र उजळ. १०×४२ मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण हाताची थरथरही तितकीच मोठी होते आणि दिसणारा पट्टा अरुंद होतो. पर्यटनस्थळी मिळणाऱ्या "५० पट झूम"वाल्या दुर्बिणी घेऊ नका, त्यातून अंधुक आणि हलणारं चित्र दिसतं. चांगली सुरुवातीची दुर्बीण साधारण आठ-दहा हजारांच्या आसपास पडते. घेण्याआधी कुणाची तरी एक सकाळ मागून वापरा.

दुर्बीण हातात आली की ती स्वतःच्या डोळ्यांना बसवावी लागते. हे न केल्यामुळे कित्येकांचं डोकं दुखतं आणि दोष दुर्बिणीला जातो.

१. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली करा आणि चष्म्यासकट पाहा. चष्मा नसेल तर कप वर.

२. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ दिसेपर्यंत बिजागरी फिरवा.

३. पन्नासेक फुटांवरची पाटी निवडा. उजवा डोळा मिटून, मधलं चाक फिरवत डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट करा.

४. आता डावा डोळा मिटा. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा. कडीची ती खूण लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक फिरवायचं.

पक्षी शोधताना आधी नुसत्या डोळ्यांनी त्याच्यावर नजर रोखा आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपुढे आणा. आधी दुर्बीण लावून मग झाडभर पक्षी शोधत बसलात तर तो उडून जाईपर्यंत सापडत नाही.

खाडीवर कधी जायचं: तिथी आणि भरती

ठाणे खाडीचा पश्चिमेकडचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात, अग्निपंख असंही नाव आहे. ते साधारण नोव्हेंबरपासून येऊ लागतात आणि पाऊस सुरू होईपर्यंत राहतात. जानेवारी ते एप्रिल हा पाहण्याचा भरवशाचा काळ.

रोहित चिखलातलं खाणं गाळून खातात. मान खाली, डोकं उलटं, चोच पाण्यात, आणि जिभेच्या पंपाने पाणी आत-बाहेर. ओहोटीला मैलभर चिखल उघडा असतो, तेव्हा ते पार आत जातात आणि किनाऱ्यावरून गुलाबी रेघेपलीकडे काही दिसत नाही. भरती चढू लागली की पाण्याबरोबर किनाऱ्याकडे सरकतात. चिखल पुरता बुडला की नेरूळच्या बाजूला टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेमागच्या पाणथळीत आणि जवळच्या तळ्यांमध्ये विसाव्याला येतात. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन तास आधी जागेवर पोहोचायचं.

भरतीची वेळ काढायला कोळीवाड्यांत आणि कोकणात चालत आलेलं सोपं गणित आहे: तिथीची पाऊणपट. दशमी असेल तर १० ची पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. द्वादशीला नऊ, चतुर्दशीला साडेदहा. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हाच हिशेब. अचूक वेळ यापेक्षा पाऊण-एक तास मागे-पुढे असते आणि खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं, म्हणून निघण्याआधी मुंबईचा भरतीचा तक्ता पाहून घ्या. पण महिन्याचे रविवार आखायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, भरतीही तितकीच सरकते, आणि एका तिथीला पाऊण तास हा त्याचाच ढोबळ हिशेब आहे.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, अष्टमीच्या आसपास भांगाची. भांगाच्या दिवशी पाणी पुरेसं चढत नाही, चिखल पूर्ण बुडत नाही आणि पक्षी लांबच राहतात. तेव्हा द्वादशी ते चतुर्दशीला येणारा शनिवार-रविवार निवडा. भरती सकाळी नऊ ते अकराच्या मधे, पाणी चढतं आणि ऊनही सोसण्यासारखं.

उन्हाची दिशाही मोलाची. नवी मुंबईचा किनारा खाडीच्या पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी सूर्य पाठीमागून पडतो आणि पक्षी समोरून उजळलेले दिसतात. तिथेच संध्याकाळी चारला गेलात तर डोळ्यांवर तिरीप येते आणि सगळं काळं दिसतं. ठाणे-मुलुंडच्या बाजूने पाहायचं असेल तर संध्याकाळ धरा.

ठाण्याहून पनवेलकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर गाडीने सीवूड्स-दारावेला उतरा, पुढे रिक्षा. ऐरोलीला सागरी व किनारी जैवविविधता केंद्र आहे. तिथून बोटीने खाडीत जाता येतं, पण बोट भरतीच्या वेळेवर सुटते, तुमच्या वेळेवर नाही. आधी चौकशी आणि बुकिंग करून जा. बोटीवर वाऱ्याने टोपी उडते, नाडीची घ्या.

पहिल्या फेरीत एवढंच करा: लहान रोहित आणि मोठा रोहित वेगळे ओळखा. लहान रोहित मोठ्याच्या खांद्याशीही जेमतेम पोहोचतो, रंगाने जास्त गुलाबी, आणि चोच गडद लाल, लांबून काळपट वाटणारी. मोठ्याचं अंग पांढरट, मान लांब इंग्रजी एस अक्षरासारखी, चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. करडी, मळकट दिसणारी पिल्लं दोन्ही थव्यांत असतात. ती वेगळी जात नव्हे. गुलाबी रंग खाण्यातून येतो, तो चढायला त्यांना काही वर्षं लागतात. थव्याच्या कडेला लांब लाल पायांचे शेकाट्ये आणि चिखलाच्या काठी शेपूट नाचवणारे तुतवारही दिसतील. पुढच्या खेपेला त्यांच्याकडे वळा.

थवा मोजताना एकेक पक्षी मोजू नका. आधी दहा मोजा, ते दहा किती जागा व्यापतात ते डोळ्यांत भरून घ्या, त्या मापाने शंभर आणि शंभराच्या मापाने पूर्ण थवा. सुरुवातीला आकडा खऱ्यापेक्षा कमीच येतो, कारण दाट भागात मागचे पक्षी दिसत नाहीत. नोंद ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची सवय लावा. तिथे "दिसलेले सगळे ओळखीचे पक्षी लिहिले का" असा प्रश्न येतो. फक्त रोहित लिहून कावळे-घारी सोडल्या असतील तर प्रामाणिकपणे "नाही" म्हणा. कावळ्याची नोंदही अभ्यासकाला तितकीच उपयोगाची असते.

काही गोष्टी अजिबात करू नका. चिखलात उतरू नका, वरून घट्ट वाटणाऱ्या गाळात पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि भरती चढत असते. ड्रोन उडवू नका, पक्ष्यांना खायला टाकू नका, उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवू नका. एकदा उठलेला थवा परत बसेपर्यंत त्याचं खाणं थांबतं, आणि चिखल उघडा असण्याचे तास मोजकेच असतात.

गॅलरीतली भाजी

ज्यांना रविवारी बाहेर पडणं जमत नाही त्यांच्यासाठी हा छंद. पहिलं पीक मेथी असू द्या. टोमॅटोपासून सुरुवात करू नका. त्याला पाच-सहा तास ऊन, आधार आणि अडीच-तीन महिन्यांचा धीर लागतो, आणि फळ धरण्याआधीच बहुतेकांचा उत्साह ओसरतो.

आधी ऊन मोजा. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दर तासाला गॅलरीत जाऊन ऊन जमिनीवर कुठवर आलंय त्याची खडूने खूण करा. चार तासांच्या वर थेट ऊन असेल तर मेथी, कोथिंबीर, मिरची जमते. दोन-तीन तासच असेल तर पुदिना आणि अळू. समोरच्या टॉवरमुळे अजिबात ऊन येत नसेल तर हा छंद सोडून पुढच्याकडे वळा, उगाच झुरू नका.

सहा इंच खोल, साधारण दोन फूट बाय एक फूट प्लॅस्टिकचा क्रेट घ्या. आतून जुनी गोणी अंथरा म्हणजे माती गळणार नाही आणि पाणी निथळेल. भरायला दोन लिटरचा आइस्क्रीमचा डबा माप म्हणून घ्या: चार डबे लाल माती, दोन डबे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन डबे गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. हे मिश्रण अठरा लिटर होतं, म्हणजे क्रेटमध्ये साधारण चार इंच. मेथीला तेवढं पुरतं. साडेसहाशे ग्रॅमची कोकोपीटची वीट तीन-चार लिटर पाण्यात फुगून आठ लिटरच्या आसपास भरते. ती दोनदा पाण्यातून पिळून घ्या. कोकोपीटमध्ये क्षार राहिलेले असतात. न धुता वापरलं तर रोपांच्या पानांच्या कडा करपतात आणि कारण कळत नाही.

स्वयंपाकघरातले मेथीदाणे चालतात. पंचवीस-तीस ग्रॅम दाणे रात्रभर भिजवा, सकाळी ओलसर मातीवर दाट पसरा, वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी माती भुरभुरवा. झारीने पाणी द्या. तांब्याने ओतलं तर दाणे वाहून एका कोपऱ्यात जमतात. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात. दहा-बारा दिवसांत तीन इंच झाली की मुळासकट उपटून घेतलीत तर बाजारात वाळूसकट जुड्या मिळतात तशी समुद्रमेथी झाली. पंचवीस दिवस थांबलात तर मोठी मेथी. धण्याचं असंच, फक्त धणे आधी लाटण्याने हलके दाबून दोन फाकी करायच्या आणि उगवायला आठ-दहा दिवस धरायचे. पाचव्या दिवशी माती उकरून पाहू नका.

पाणी कधी घालायचं? तर्जनी दोन पेरं मातीत खुपसा. ओलं लागलं तर आज नाही, कोरडं लागलं तर खालून निथळेपर्यंत. बाजारातला स्वस्तातला दोन काट्यांचा ओलावा मोजणारा सेन्सर ओल्या मातीत विजेमुळे काही आठवड्यांत गंजतो आणि चुकीचं वाचन देऊ लागतो. बोट गंजत नाही.

बिघाड बहुतेक वेळा जास्त पाण्याचा असतो. माती ओली असूनही पानं पिवळी आणि मरगळलेली दिसली तर मुळांना हवा मिळत नाहीये. नवशिका ती मरगळ तहान समजून आणखी पाणी घालतो आणि दोन दिवसांत रोप संपतं. उगवून आलेली रोपं देठाशी बारीक होऊन आडवी पडली तर रोपं कोलमडण्याचा बुरशीजन्य रोग आहे. दाट पेरणी, सावली आणि ओल एकत्र आली की हे हमखास होतं. तेवढा भाग मातीसकट काढून टाका आणि पाणी थांबवा. मिरचीवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण किंवा कोवळ्या शेंड्यावर मावा दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या साबणाचे चार-पाच थेंब हलवून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा. साबण नसेल तर तेल पाण्यावर तरंगतं आणि उपयोग होत नाही. उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

मिरचीसारख्या रोपांसाठी क्रेटऐवजी बॅग घेतलीत, तर बारा बाय बारा इंचाची भरलेली, भिजलेली बॅग वीस किलोच्या आसपास जाते. अशा सहा बॅगा म्हणजे दोन माणसांचं वजन. त्या भिंतीलगत ठेवा, ग्रिलवर किंवा कठड्यावर कधीही नाही. खाली ताट ठेवा, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातकट पाणी पडतं आणि विषय सोसायटीच्या सभेत जातो. पण ताटात साचलेलं पाणी त्याच दिवशी ओता. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

तबला, थोडक्यात

ठाण्यात तबल्याचे वर्ग गल्लोगल्ली आहेत. आठवड्यातून दोन अर्धे तास आणि घरी रोज वीस मिनिटं लागतात. जोडी लगेच विकत घेऊ नका, पहिले दोन महिने वर्गातल्या जोडीवर आणि मांडीवर हात बसवा. लोकलमध्ये तीनताल हाताने धरायचा: सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला काल, म्हणजे खाली. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. ठाणे ते वाशी या अर्ध्या तासात लय न बदलता हे चालू ठेवता आलं की हात बसायला अर्धी मदत होते. पुढे स्वतःची जोडी घेतलीत तर पावसाळ्यात दमट हवेने पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते आणि स्वर उतरतो, हे लक्षात असू द्या. तबला खराब झालेला नसतो. शाईला, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलाला, ओला हात लावू नका, जोडी कापडी गवसणीत ठेवा.

डोंगर

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे बिबट्या आहे, त्यामुळे उजाडल्यावर जायचं, अंधाराआधी परतायचं, वनखात्याने बंद ठेवलेल्या वाटांवर जायचं नाही. फुलपाखरांची आवड असेल तर घोडबंदर रोडवरची ओवळेकर वाडी गाठा. नवी मुंबईकरांना पारसिकचा डोंगर आणि खारघरची टेकडी जवळ. पावसाळ्यात खारघरच्या कातळावर शेवाळ धरतं, नेहमीचे जॉगिंगचे बूट घसरतात, खोल नक्षीच्या रबरी तळाचे लागतात. पांडवकड्यासारख्या धबधब्यांवर बंदी लागली असेल तर ती पाळा. वर पाऊस पडला की खाली पाणी काही मिनिटांत चढतं.

रिलीजच्या आठवड्यात

कधीतरी ऑन-कॉलचा आठवडा येणार आणि छंद बंद पडणार. त्याची तयारी आधीच ठेवा. त्या आठवड्यात खाडी रद्द, पण खिडकीतली पाच मिनिटं चालू. झाडांसाठी लिटरभर पाण्याची बाटली क्रेटपेक्षा उंचावर ठेवून तिच्यातून जाड सुती वात मातीत सोडा, ओल टिकते. दोन आठवडे वही कोरी राहिली तर मागचं भरून काढू नका, आजची तारीख घालून लिहायला लागा.

वर्षाचा क्रमही धरून ठेवा. जूनमध्ये रोहित निघून जातात आणि मेथीही पावसात कुजते. तेव्हा क्रेट रिकामा करा, माती झाकून ठेवा, एका बॅगेत अळूचा कंद लावा आणि तबल्याला जास्त वेळ द्या. जुलै-ऑगस्टमध्ये दुर्बीण कपाटात ठेवलीत तर भिंगांवर बुरशी धरते. ती हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि जेलचे दाणे रंग बदलू लागले की पुड्या बदला. नवरात्र आलं की माती उन्हात दोन दिवस वाळवा, डबाभर नवं गांडूळखत मिसळा आणि मेथीदाणे भिजत घाला.